दहाव्याला कावळ्याला सांगतो, ते आधी माणसाला सांगा

वाईच्या घाटावर अण्णांचा दहावा होता. अण्णा म्हणजे माझे सासरे. पिंड ठेवून पाऊण तास झाला, कावळे पिंपळावर बसून होते, खाली एकही उतरेना. मग घाटावर होतं तसं सुरू झालं. कुणी म्हणालं, "अण्णा, नातीचं लग्न थाटात करू." कुणी म्हणालं, "विहिरीवर नवी मोटर बसवू." शेवटी माझे धाकटे दीर पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "अण्णा, थोरल्याशी अबोला सोडला. घर वाटणार नाही." थोड्या वेळात कावळा शिवला. सगळे सुटल्यासारखे उठले.

मी दिरांकडेच बघत राहिले. अण्णा अकरा दिवस अतिदक्षता विभागात होते आणि पहिले सहा दिवस पूर्ण शुद्धीवर होते. दीर रोज बाहेरच्या बाकावर बसून असायचे. हे वाक्य तेव्हाही त्यांच्या मनात होतंच. म्हणायचं कसं, ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

चार वर्षांनी माझ्या वडिलांच्या फुप्फुसाचा कॅन्सर पसरल्याचं कळलं. डॉक्टर म्हणाले, "घरी न्या, आता सेवा करा." बाबा घरी नऊ आठवडे होते. त्या नऊ आठवड्यांत जे शिकले आणि नंतर नात्यात, शेजारात आणखी चार-पाच घरी बसून जे पाहिलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. आपल्याकडे श्वास थांबल्यानंतरच्या प्रत्येक तासाचा विधी ठरलेला आहे. त्याआधीच्या दिवसांसाठी मात्र घरोघरी चाचपडणं चालतं. हा लेख त्या दिवसांसाठी आहे.

आधी डॉक्टरांना तीन प्रश्न

"सेवा करा" या दोन शब्दांवर घरी येऊ नका. पहिला प्रश्न: दिवस आहेत, आठवडे आहेत की महिने? नेमकी तारीख कुणीच सांगू शकत नाही, पण या तिघांतलं एक अनुभवी डॉक्टर बहुतेक वेळा सांगतात. परदेशातल्या मुलाला कधी बोलवायचं, ते या उत्तरावर ठरतं. दुसरा प्रश्न: पुढे काय काय त्रास होऊ शकतो आणि त्यासाठी घरात कोणती औषधं ठेवायची? तिसरा: रात्री दोन वाजता त्रास वाढला, तर फोन कुणाला करायचा?

वेदना आटोक्यात नसतील तर पुढचं काहीच होत नाही. कळा सोसणाऱ्या माणसाच्या कानाशी हरिपाठ म्हणून उपयोग नाही, त्याला आधी औषध हवं. या उपचारांना परिहार सेवा किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांसाठी मोफत काम करतं. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेलं शांती आवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा करणारं घर, आणि त्यांचं एक केंद्र गोव्यातही आहे. तिथे कुटुंबालाही सांभाळायला शिकवतात. जवळ असं केंद्र नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

मॉर्फिनचं नाव काढलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "त्याने माणूस लवकर जातो." योग्य मात्रेत दिलं तर असं होत नाही. वेदना कमी होते, धापही कमी होते, आणि माणूस पुन्हा बोलू लागतो. बाबांनी मॉर्फिन सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी पत्ते मागितले होते. २०१४ मध्ये कायदा बदलल्यापासून ते मिळणंही थोडं सोपं झालं आहे. त्यासोबत पोट साफ होण्याचं औषध डॉक्टरांकडून आठवणीने मागून घ्या. नाहीतर बद्धकोष्ठाचा त्रास मूळ दुखण्याइतका होऊन बसतो.

त्यांना माहीत आहे का?

"त्यांना सांगू नका, खचतील." हे मीही म्हटलं होतं. बाबांना अर्थातच माहीत होतं. आम्ही पंधरा दिवस एकमेकांसमोर नाटक करत होतो, आणि त्या पंधरा दिवसांची हळहळ मला अजून आहे.

थेट सांगायचा धीर नसेल तर विचारा. "बाबा, तब्येतीबद्दल तुम्हाला काय वाटतंय?" एवढं विचारून गप्प बसायचं. लगेच "बरे व्हाल" म्हणायचं नाही. बाबा बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "या पावसाळ्यापुरता आहे असं दिसतंय." मी म्हटलं, "हो, डॉक्टर तसंच म्हणतात." त्यांनी माझा हात थोपटला. त्यांनाच मला सांभाळावं लागत होतं, ते त्या दिवसापासून थांबलं. काही माणसांना खरोखरच ऐकायचं नसतं. ती विषय बदलतात. मग सोडून द्या, आठ दिवसांनी परत हळूच विचारा.

बोलणं मोकळं झालं की एक साधी वही घ्या आणि त्यांच्या तोंडून येईल तसं लिहा. शेवटी घरी राहायचं की दवाखान्यात? नळ्या, व्हेंटिलेटर हवं का? कुणाला भेटायचंय, आणि कुणाला अजिबात भेटायचं नाही? (हाही अधिकार त्यांचाच आहे.) कोणते विधी हवेत, कोणते नकोत? नेत्रदान, देहदान? कुणाचं देणं-घेणं राहिलंय? बाबांनी किराणा दुकानाची उधारी सांगितली, सहाशे चाळीस रुपये. ती त्याच संध्याकाळी देऊन आले आणि पावती त्यांच्या हातात ठेवली. त्या रात्री ते शांत झोपले.

कृत्रिम उपकरणांवर ठेवू नये अशी इच्छा असेल तर ती कायदेशीररीत्या लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. माणूस शुद्धीवर आणि धड असतानाच हे करावं लागतं.

खोली आणि येणारी-जाणारी माणसं

पलंग खिडकीशी घ्या. देव्हारा दिसत असेल तर उत्तम, नाहीतर त्यांच्या आवडीची तसबीर नजरेच्या रेषेत लावा. पडून राहिलेल्या माणसाला डोक्यामागची भिंत दिसत नाही, हे आपण उभी माणसं विसरतो. धाप लागत असेल तर उदबत्ती आणि धूप बंद. तुपाचं निरांजन दाराशी ठेवा, ते पुरे. टेबलफॅनचा झोत गालावर आला की धाप लागणाऱ्याला बरं वाटतं.

भेटायला येणाऱ्यांसाठी घरातल्या एकाने दाराशी उभं राहायचं. हे काम जावई किंवा शेजारी चांगलं करतात. सांगायचं एवढंच: पंधरा मिनिटं, एका वेळी दोघं, आणि "काय हो ही अवस्था" असं म्हणायचं नाही. रडू येणं साहजिक आहे, त्यासाठी स्वयंपाकघर आहे. पाहुण्यांना एक काम द्या: बाबांबरोबरची एक जुनी आठवण सांगा. बाबांचे साखर कारखान्यातले सोबती आले, तेव्हा एकाने १९८२ च्या संपात दोघांनी एका भाकरीवर दिवस कसा काढला ते सांगितलं. ते आम्हा मुलांना तोवर ठाऊकही नव्हतं.

अमेरिकेतला, दुबईतला, बंगळूरचा मुलगा. त्याला "एवढ्यात यायची गरज नाही, कळवू" असं सांगू नका. रजा एकदाच मिळणार असेल तर ती दहाव्यासाठी राखून ठेवण्यापेक्षा आत्ता येऊ दे. येणं शक्यच नसेल तर रोज ठरलेल्या वेळी फोन उशाशी ठेवा. बोलायलाच हवं असं नाही. माझा भाऊ मस्कतहून रोज संध्याकाळी फोनवर नुसता बाबांबरोबर रेडिओच्या बातम्या ऐकायचा.

लहान मुलांना खोलीबाहेर ठेवू नका. "आजोबांचं शरीर थकलंय, ते आता बरं होणार नाही" एवढं त्यांना कळतं. "झोपलेत" असं मात्र सांगू नका, मग मूल झोपायलाच घाबरतं.

बोलायचं काय

सगळ्यात अवघड पायरी हीच, म्हणून इथे जास्त लिहिते.

आपण घरातून निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. कुणी चुकून "जातो" म्हटलं तर आजी उंबऱ्यावरून दटावायची, "येतो म्हण." लहानपणापासून ज्या जिभेला हे वळण आहे, तिने मरणाऱ्या माणसाला "निघा आता" कसं म्हणावं? शिवाय वडिलांचे आभार मानणं, आईची माफी मागणं, "माझं तुमच्यावर प्रेम आहे" म्हणणं हे आपल्या घरात परकं वाटतं. तोंडातून निघालंच तर पाठ केल्यासारखं निघतं.

मला वाट सापडली ती घाटावर. दहाव्याला आपण पिंडासमोर जे बोलतो ते फार नेमकं असतं. कुणाला सांभाळू, काय पुरं करू, कुठलं भांडण मिटवू. तेच आधी, पलंगाशी बसून बोलायचं. बसताना खाली स्टुलावर बसा, म्हणजे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर येतात. एका वेळी एकानेच. आणि एक दिवस एक गोष्ट.

पहिली, त्यांच्याकडून आपल्याकडे काय आलं ते. आभार न म्हणता सांगता येतं. "बाबा, हिशोब रोजच्या रोज लिहायची सवय तुम्ही लावलीत, माझा संसार त्याच्यावर चालला." गोष्ट जितकी लहान तितकी खरी वाटते. "तुम्ही फार केलंत आमच्यासाठी" हे वाक्य शंभर वेळा म्हटलं तरी हवेत राहतं.

दुसरी, जे सलतंय ते. इथे वकिली करू नका, खुलासे नकोत. "मी तुमचं न ऐकता लग्न केलं, तुम्ही दोन वर्षं बोलला नाहीत. तेव्हा मलाही राग होता. आता नाही." आणि त्यांच्याकडून झालेली चूक असेल तर, "ते आता माझ्या मनात नाही." पण खरंच मनात नसेल तरच. एका घरी मुलीला सगळ्यांनी मिळून "बापाला माफ कर" म्हणून पलंगाशी ढकललेलं मी पाहिलं. बापाने तिला आयुष्यभर मारलं होतं. ती नुसती पाणी देऊन परत आली. तेवढंच तिच्याकडून निघत होतं आणि तेवढं पुरेसं होतं. जबरदस्तीचा निरोप कुणाला देऊ नये, कुणाकडून घेऊ नये.

तिसरी, मागे राहणाऱ्यांची सोय. जाणाऱ्याचा जीव अडकतो तो बहुधा इथे. नाव घेऊन आणि तपशील देऊन सांगा. "आई माझ्याकडे राहील. दिवाळीत आणि मे महिन्यात गावी नेईन. तिची पेन्शन तिच्याच खात्यात राहील." जे जमणार नाही ते कबूल करू नका. माझी आत्या म्हणायची की मरत्या माणसाला दिलेला शब्द घराच्या पायात बसतो. बाबांची इच्छा होती की शेत विकू नये. आम्हाला ते जमण्यासारखं नव्हतं. भाऊ म्हणाला, "बाबा, शेत ठेवता येईल असं सांगत नाही. पण विहिरीजवळचा आंबा आणि घर ठेवतो." बाबा म्हणाले, "बरं."

चौथी, परवानगी. ही अगदी शेवटी, आणि आधीच्या तिन्ही गोष्टी झाल्यावरच. शब्द आपापल्या घरातले शोधा. "निघा" जड वाटतं. बाबा कारखान्याच्या पाळीला निघाले की आई दारातून म्हणायची, "सावकाश जा, इकडची काळजी करू नका." शेवटच्या रात्री आई तेच म्हणाली. चाळीस वर्षं रोज म्हटलेलं वाक्य होतं. तिला नवीन काही शोधावं लागलं नाही.

हातांचा निरोप

ज्यांना बोलणं जमत नाही त्यांच्यासाठी हात आहेत. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने हळूहळू घासा. केस विंचरा, दाढी करा, नखं कापा. कातडी पातळ झालेली असते, त्यामुळे जोर नको, आणि सूज किंवा जखम असेल तिथे हात लावू नका. दर दोन तासांनी कूस बदला, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत.

नातवंडांनी पायाला हात लावून नमस्कार करावा आणि आजोबांचा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवून घ्यावा. आमच्या चुलतसासूबाईंनी शेवटच्या आठवड्यात तिन्ही सुनांना पलंगाशी बोलावून त्यांच्या ओट्या भरल्या. नारळ उचलवत नव्हता, म्हणून तांदूळ आणि हळकुंड. त्या स्वतः विधवा होत्या. कुणीही आडवं आलं नाही, आणि त्या सुना आजही ते तांदूळ डब्यात जपून आहेत.

दान, मंत्र आणि गंगातुळशी

गोप्रदान आणि दशदान बहुतेक घरी गेल्यावर होतं. मुळात ते जिवंतपणी, स्वतःच्या हाताने सोडायचं दान आहे. गाय, भूमी, तीळ, सोनं, तूप, वस्त्र, धान्य, गूळ, रुपं आणि मीठ. आज गायीऐवजी यथाशक्ति दक्षिणा देतात. गुरुजींना आधी सांगा की अर्ध्या तासात, होमाशिवाय, पलंगाशीच करायचं आहे. समजूतदार गुरुजी करतात. पळीभर पाणी त्यांच्या हातावरून सोडवा. बाबांनी धान्याचं दान शाळेच्या खिचडीच्या कोठारात द्यायला सांगितलं. तेही दानच.

वाचनासाठी विष्णुसहस्रनाम, गीतेचा आठवा किंवा पंधरावा अध्याय, वारकरी घरात हरिपाठ. माणसाच्या सवयीचं असेल तेच. मोबाईलवर लावून ठेवण्यापेक्षा घरातल्या माणसाने, अडखळत का होईना, हळू आवाजात म्हणावं. बौद्ध घरात त्रिशरण-पंचशील आणि परित्राणपाठ, जैन घरात णमोकार मंत्र, मुसलमान घरात कलमा आणि सूरह यासीन. वसई किंवा गोव्याच्या कॅथलिक घरात रुग्णाभ्यंगासाठी, म्हणजे आजारी माणसाला पवित्र तेल लावण्याच्या विधीसाठी, फादरना शुद्ध असतानाच बोलवावं, कारण कबुली आणि कम्युनियनसाठी बोलता-गिळता यायला हवं. देव न मानणाऱ्या माणसाच्या कानाशी शेवटी नामस्मरण सुरू करू नका. त्यांना आवडणारं गाणं लावा, पत्र वाचा.

आता गंगेचं पाणी. हे नीट वाचा. गिळण्याची ताकद गेल्यावर चमच्याने ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं आणि माणूस गुदमरतो. स्वच्छ कापसाचा बोळा पाण्यात बुडवून पूर्ण पिळा, ओठांवर आणि जिभेवरून फिरवा. तुळशीचं पान ओठाला लावा, तोंडात ठेवू नका. ते श्वास थांबल्यावर ठेवा. आवडीच्या पदार्थाचंही तसंच. बाबांना आमटी हवी होती. बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं. ओठांना साजूक तूप लावत राहा.

आणि जेवणाचा आग्रह थांबवा. पोटात अन्न नाही म्हणून माणूस चालला आहे, असं आपल्याला वाटतं. शरीर निघालेलं असतं, म्हणून त्याला अन्न नको असतं.

शेवटचे दोन-तीन दिवस

झोप वाढते. लघवी कमी आणि गडद होते. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसते. पांघरूण घाला, गरम पाण्याची पिशवी नको, भाजल्याचं त्यांना कळत नाही. श्वास मध्येच वीस-तीस सेकंद थांबतो आणि परत सुरू होतो. घशात घरघर लागते. ऐकायला भयंकर असते, पण त्यांना तिचा त्रास बहुधा जाणवत नसतो. कुशीवर वळवा. फार वाढली तर डॉक्टर औषध देतात.

बाबा त्यांच्या आईशी बोलू लागले होते. "आई ओट्यावर बसलीय." आजी जाऊन तीस वर्षं झाली होती. खोडू नका. "काय म्हणते आजी?" असं विचारा.

कान मात्र ऐकत असावेत असं धरूनच चाला. २०२० मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी शेवटच्या तासांतल्या, प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांचा अभ्यास केला. काहींचा मेंदू आवाजांना तेव्हाही प्रतिसाद देत होता. म्हणून पलंगाशी अंत्यविधीच्या खर्चाची, वाटणीची चर्चा नको. खोलीत शिरताना नाव सांगा, "बाबा, मी आलेय."

भुईवर घेण्याची पद्धत अनेक घरांत आहे. जीव जात असताना उचलून खाली ठेवणं फार दुखरं असतं. श्वास थांबल्यावर घ्या. वडीलधारी ऐकत नसतील तर एक-दोन दिवस आधीच गादीसकट खाली जमिनीवर अंथरूण करा, किंवा अंगणातली मूठभर माती त्यांच्या तळहाताला लावा. आम्ही विहिरीजवळच्या आंब्याखालची माती आणली होती.

या दिवसांत घाबरून रुग्णवाहिका बोलावली जाते आणि शेवटपर्यंत घरीच राहायचं ठरलेला माणूस नळ्यांत अडकतो. फ्रिजवर कागद लावा: आधी अमुक डॉक्टरांना फोन. सगळ्यांनी तो वाचलेला असू दे.

माणूस अतिदक्षता विभागातच असेल तर तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "वेळ जवळ आली आहे का? आम्हाला दहा मिनिटं एकेकाने जवळ बसू द्याल का?" विचारल्यावर बहुतेक ठिकाणी परवानगी मिळते. आम्ही अण्णांच्या वेळी विचारलंच नव्हतं.

पहिला तास

श्वास थांबला की काही करायची घाई नाही. घड्याळात वेळ बघा. पापण्या हलक्या हाताने मिटा, हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, हातपाय सरळ करा. निरांजन लावा. फोन करण्याआधी घरच्यांनी थोडा वेळ नुसतं बसा. पुन्हा अशी शांतता त्या घरात तेरा दिवस मिळत नाही.

नेत्रदान असेल तर मात्र नेत्रपेढीला लगेच कळवा, सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. पंखा बंद, पापण्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तरी नेत्रदान होतं. देहदानाचा अर्ज भरलेला असेल तर त्या वैद्यकीय महाविद्यालयाला फोन करा. घरी मृत्यू झाल्यास मृत्यूच्या कारणाचा दाखला उपचार करणारे डॉक्टर देतात. त्यासाठी फाईल आणि आधार कार्ड एकत्र ठेवा. नोंदणी एकवीस दिवसांच्या आत करायची असते.

एक गोष्ट राहिली. नऊ आठवडे मी बाबांच्या उशाशी होते, आणि ते गेले तेव्हा मी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले होते. असं फार जणांच्या बाबतीत होतं, दोन मिनिटांसाठी उठलं की नेमकं तेव्हा. त्याचा दोष स्वतःला लावून घेऊ नका. पाळीला जाताना बाबा आम्ही मुलं झोपलेली असतानाच निघायचे.

त्यांच्या दहाव्याला कावळा आला नाही. सव्वा तास झाला. गुरुजींनी विचारलं, "काही इच्छा राहिली होती का?" सगळे भावाकडे बघू लागले. त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "नाही गुरुजी, सगळं बोलून झालंय. दर्भाचा कावळा करा."